रंग एकदाच मिळतो

प्रिय मृण्मयी,



गाडी घेतलीस, फार आनंद झाला. फोनवर तू विचारलंस त्याचं उत्तर मुद्दाम लिहून पाठवतोय, म्हणजे काम करताना हाताशी राहील. गॅरेजवाले म्हणाले, ‘रंग डल झालाय ताई, रबिंग-पॉलिश करून वर टेफ्लॉन मारतो, नव्यासारखी करून देतो.’ द्यावी का गाडी? माझं मत विचारशील तर देऊ नकोस. तुमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये, एका शनिवार-रविवारी हे काम तुला स्वतःला जमेल. आणि ते तू का करावंस, हे कळायला आधी रंग म्हणजे काय ते समजून घे.

तुझ्या गाडीचा गडद निळा म्हणजे एकच थर नाही. पत्र्यावर आधी गंजरोधक थर, त्यावर प्रायमर, त्यावर खरा निळा आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर कोट. हे सगळं मिळून जाडी भरते साधारण १०० ते १५० मायक्रॉन. झेरॉक्सचा एक कागद १०० मायक्रॉनच्या आसपास असतो, यावरून अंदाज कर. त्यात क्लिअर कोटचा वाटा जेमतेम ४० ते ५० मायक्रॉन. चकाकी दिसते ती याच थराची, आणि खालच्या निळ्याचं उन्हापासून रक्षणही हाच थर करतो, कारण अतिनील किरण शोषणारी द्रव्यं त्यातच मिसळलेली असतात.

आता रबिंग म्हणजे काय? ओरखड्याच्या तळापर्यंत आजूबाजूचा क्लिअर कोट घासून खाली आणायचा, म्हणजे ओरखडा दिसेनासा होतो. पॉलिशने गाडीवर काही चढत नाही, उतरतं. जाड कंपाउंड आणि लोकरी पॅडने एका दमात कित्येक मायक्रॉन जातात. दर वर्षी दिवाळीला रबिंग करून घेतलेल्या गाड्यांच्या टपावर पुढे पांढुरके चट्टे पडतात, पापुद्रे सुटतात. तिथे क्लिअर कोट संपलेला असतो, आणि मग नवा रंग मारण्यावाचून इलाज उरत नाही. टेफ्लॉनचं म्हणशील, तर तव्यावरचं टेफ्लॉन ३०० अंशांहून जास्त तापवून बसवतात. गाडीवर फडक्याने पुसलेलं टेफ्लॉन तसं बसत नाही. त्या नावाखाली मिळणारी चमक बहुधा त्यातल्या मेणाची किंवा सिलिकॉनची असते. कारखान्यातून आलेला रंग एकदाच मिळतो. त्यातला शक्य तितका कमी खर्च करून गाडी चमकवायची, हे या पत्राचं सार आहे.

रात्री मोबाइलचा टॉर्च बॉनेटवर धरून बघ. उजेडाभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखी वर्तुळं दिसतील. प्रत्यक्षात ते चहूबाजूंनी गेलेले बारीक सरळ ओरखडे असतात. उजेडाला आडवे येणारे तेवढे चमकतात, म्हणून वर्तुळाचा भास होतो. हे ओरखडे वाऱ्याने किंवा पावसाने पडत नाहीत. ते पडतात रोज सकाळी कोरड्या फडक्याने धूळ पुसल्यामुळे. आपल्याकडच्या धुळीत बांधकामाची वाळू असते, वाळूत क्वार्ट्झ. मोहच्या कठीणतेच्या मापावर क्वार्ट्झ ७ वर बसतो, म्हणजे काचेहूनही कठीण. ते कण फडक्याखाली धरून आपण रंगावर ओढत नेतो. शिवाय एका बादलीत दहा गाड्या पुसल्या, की दहा गाड्यांची वाळू अकराव्या गाडीवर.

तुमच्याकडे गाडी पुसायला येणाऱ्या काकांना बंद करू नकोस. त्यांचा तो रोजगार आहे, आणि त्यांना कुणी वेगळं सांगितलेलंच नाही. त्यांना चांगली मायक्रोफायबरची फडकी तू आणून दे. रोज फक्त काचा आणि आरसे पुसा, पत्र्याला कोरडा हात लावू नका, आणि आठवड्यातून एकदा पाणी मारून नीट धुवा, एवढं सांग. पगार तोच ठेव. या एका बदलाने जितका रंग वाचेल, तितका कुठल्याही महागड्या डब्याने वाचणार नाही.

आता कामाचा क्रम. पाऊस संपलाय, पण ऑक्टोबरचं ऊन आहे, तेव्हा सगळं सावलीत आणि पत्रा हाताला गार लागत असतानाच करायचं.

पहिलं धुणं. आधी चाकं, आणि त्यांची बादली, ब्रश, फडकं सगळं वेगळं. मग पूर्ण गाडीवर नुसतं पाणी मारून सुटी धूळ घालवायची. त्यानंतर दोन बादल्या घ्यायच्या: एकीत कार शॅम्पू, दुसरीत साधं पाणी. मायक्रोफायबरचा हातमोजा शॅम्पूत बुडवायचा, एक भाग धुवायचा, साध्या पाण्यात खळबळून वाळू सोडायची, मगच पुन्हा शॅम्पूत. टपापासून सुरुवात, शेवटी दारांचा खालचा भाग, कारण सगळ्यात जास्त माती तिथे असते. कपड्यांची पावडर या कामाला वापरू नकोस. आणि गाडी आपोआप वाळू देऊ नकोस. तुमच्याकडे बोअरचं पाणी आहे. ते वाळलं की त्यातले कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार पांढऱ्या गोल डागांच्या रूपाने रंगावर बसतात. मोठा टॉवेल पसरून पाणी टिपून घ्यायचं. जुने क्षारांचे डाग असतील तर पांढरं व्हिनेगर आणि पाणी समसमान घेऊन थोडा वेळ ओलं ठेव आणि धुऊन टाक.

धुऊन झाल्यावर एक पातळ प्लॅस्टिकची पिशवी हातात घाल आणि बॉनेटवरून हलकेच फिरव. नुसत्या बोटांना गुळगुळीत वाटणारा पत्रा पिशवीतून खरखरीत लागेल. ती खरखर धुण्याने जात नाही, कारण ते कण रंगावर नुसते पडलेले नसतात, रुतलेले असतात. तुझं ऑफिस भोसरीत आहे. तिथल्या वर्कशॉपमधली ग्राइंडिंगची धूळ, प्रत्येक गाडीच्या ब्रेकमधून झडणारा लोखंडाचा चुरा, रस्त्याचं डांबर आणि झाडांचा चीक हे सगळं तिथे आहे. लोखंडाचे कण गंजतात आणि क्लिअर कोटला आतून खातात. पांढऱ्या गाडीवर ते नारिंगी ठिपके होऊन दिसतात. गडद गाडीवर दिसत नाहीत, पण असतात.

म्हणून दुसरं काम लोखंड काढण्याचं. आयर्न रिमूव्हर नावाचा फवारा मिळतो. तो मारल्यावर दोन-तीन मिनिटांत पत्र्यावरून जांभळे ओघळ यायला लागतील. तो रंग म्हणजे त्यातलं रसायन लोखंडाशी संयोग पावल्याची खूण. गंधकाचा वास येईल, हातात मोजे घाल, मोकळ्या हवेत कर, आणि वाळायच्या आत भरपूर पाण्याने धू. डांबराचे काळे ठिपके टार रिमूव्हरने निघतात. रॉकेलनेही निघतात, पण ते रबरावर जाऊ द्यायचं नाही आणि लगेच शॅम्पूने धुवायचं.

तिसरं काम क्लेचं. हा मातीसारखा दिसणारा लवचीक गोळा जपानमधून आला, आणि तादाओ कोदाते यांना त्याचं अमेरिकन पेटंट १९९०च्या दशकात मिळालं. त्यात अतिसूक्ष्म अपघर्षक मिसळलेला असतो. पत्र्यावर शॅम्पूचं पाणी भरपूर मारायचं, गोळ्याची चपटी वडी करायची आणि साधारण दोन फूट बाय दोन फुटांत सरळ रेषेत फिरवायची. हाताचं वजनसुद्धा टाकायचं नाही. सुरुवातीला वडी अडखळेल, बारीक आवाज करेल. मग आवाज थांबेल आणि ती नुसती घसरायला लागेल. तो भाग झाला. वडी उलटून बघ, धुतलेल्या गाडीतून किती काळं निघालंय ते दिसेल. मळून स्वच्छ बाजू वर आण आणि पुढे जा. गोळा जमिनीवर पडला तर सरळ फेकून दे, कितीही महाग असला तरी. त्यात शिरलेले खडे काढता येत नाहीत. क्ले वर्षातून एकदा, फार तर दोनदा, त्याहून जास्त नको. त्यानेही अगदी बारीक रेघा उमटतात.

इथे थांबून बघ. पुष्कळदा लोखंड आणि क्ले झाल्यावरच रंग इतका उघडतो की पॉलिशची गरज राहत नाही. डल दिसत होतं ते मळामुळे. तसं झालं तर पॉलिश करूच नकोस, सरळ मेणाकडे जा.

पॉलिश करायचंच ठरवलंस, तर ही काळजी घे. पॉलिशचं मशीन डीए, म्हणजे ड्युअल अ‍ॅक्शन, प्रकारचं आण. गॅरेजमधलं रोटरी एकाच आसाभोवती फिरतं, एका जागी उष्णता साठते आणि कडेचा रंग क्षणात जळतो. डीए फिरतं आणि डोलतंही, दाबलं तर थांबतं, म्हणून नवशिक्या हातांना सुरक्षित. कडा, दारांच्या धारा, काळं प्लॅस्टिक यांना मास्किंग टेप लाव. धारेवर रंग सगळ्यात पातळ असतो. सगळ्यात मऊ फोम पॅड आणि सगळ्यात बारीक पॉलिश घेऊन बॉनेटच्या एका कोपऱ्यात दीड फुटाचा चौकोन आधी करून बघ. सावकाश, प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर अर्धा चढवत, आडवे-उभे चार-पाच हात. मग केमिस्टकडचं आयसोप्रोपिल अल्कोहोल पाण्यात पातळ करून तो चौकोन पूस. पॉलिशमधलं तेल ओरखडे तात्पुरते झाकतं. ते निघालं की खरं चित्र कळतं. निकाल पटला तर त्याच जोडीने सगळी गाडी कर. नाहीच पटला तरच एक पायरी जाड पॉलिश. नखाला अडकणारा ओरखडा बहुधा पॉलिशने जाण्याइतका उथळ नसतो, त्याच्या मागे लागायचं नाही. शंभरातले सत्तर ओरखडे गेले की पुरे. उरलेले तीस काढायला लागणारा क्लिअर कोट पुढच्या दहा वर्षांसाठी राहू दे.

तुझी गाडी सेकंडहँड आहे, म्हणून आणखी एक. फ्रिजवरचं चुंबक मऊ कापडात गुंडाळून प्रत्येक दारावर, मडगार्डवर लावून बघ. एखाद्या लोखंडी पत्र्यावर ते नीट धरत नसेल तर खाली जाड पुट्टी असावी, म्हणजे तिथे डेंटिंग-पेंटिंग झालेलं आहे. त्या भागाचा क्लिअर कोट किती आहे याचा भरवसा नाही, तिथे मशीन लावू नकोस. आणि कुठेही पॅडवर निळा रंग दिसला, तर त्याच क्षणी थांब.

शेवटी मेण. कार्नोबा मेण ईशान्य ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानांवर तयार होतं. कोरड्या हवेत पानातलं पाणी उडू नये म्हणून झाड ते स्रवतं. पानं वाळवून, झोडपून ती भुकटी काढतात. ८० अंशांच्या वर वितळणारं हे नैसर्गिक मेणांतलं कठीण मेण. गोळ्या-चॉकलेटांवरची चकाकीही पुष्कळदा त्याचीच असते. फोमच्या चकतीवर बोटभर घ्यायचं आणि जेमतेम दिसेल इतका पातळ थर लावायचा. जाड थराने जास्त टिकत नाही, फक्त पुसताना हात दुखतात. धुरकट झाल्यावर बोट फिरवून बघ. स्वच्छ रेघ उमटली की मायक्रोफायबरने पूस. काळ्या प्लॅस्टिकवर लागू देऊ नकोस, पांढरे डाग राहतात. आपल्या उन्हात हे मेण काही आठवडे, फार तर दोन-तीन महिने टिकतं. त्यापेक्षा जास्त हवं असेल तर सिंथेटिक सीलंट घे. निदान पावसाळ्याआधी एकदा आणि आता एकदा, एवढं तरी कर. पाण्याचे थेंब गोल होऊन पळायचे थांबले, की मेण संपलं असं समज.

त्यानंतरही पक्ष्यांची विष्ठा त्याच दिवशी काढ. खरवडायची नाही, ओला टिश्यू त्यावर दहा मिनिटं ठेवायचा आणि उचलून घ्यायची.

दसरा जवळ आलाय. गाडीची पूजा तू करशीलच, आणि करावीसही. फक्त हळदकुंकू बॉनेटच्या रंगावर ओलं करून लावू नकोस, नंबर प्लेटवर लाव. झेंडूची माळ तारेत ओवलेली आणू नकोस, सुती दोऱ्यात ओवून घे, आणि संध्याकाळी उतरवून ठेव. फुलं रात्रभर राहिली की त्यांचा रस डाग धरतो.

ही गाडी तू स्वतःच्या कमाईने घेतली आहेस. तिच्या रंगाचा पुढचा हिशेब तुझ्याच हातात आहे: धुणं नियमित, मेण वर्षातून दोनदा, क्ले एकदा, आणि पॉलिश गरज पडली तरच, तीन-चार वर्षांतून. गॅरेजवाल्यांना नम्रपणे नको म्हणून सांग, आणि आजच गाडी पुसणाऱ्या काकांशी बोलून घे.

तुझा,
मामा