कंबरेच्या वर

कंबरेच्या एमआरआयची चिठ्ठी घेऊन आलेल्या पेशंटला मी आधी चपलेबद्दल विचारते. चालताना पायातून निसटली तर कळते का? सिल्लोड-पैठणकडच्या बाया हे ऐकून चमकतात. "नाही ओ मॅडम, मागून येणारा सांगतो तवा कळतं." मग मी टेक्निशियनला सांगते, कंबर झाली की मानेपासून सगळा कणा घ्या.

मज्जारज्जू कंबरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याशीच संपतो. दोन्ही पाय बधिर आणि ताठ होत असतील, तर दुखणं बहुधा त्याच्या वर असतं. चाळिशीनंतर थोडी सरकलेली चकती कितीतरी जणांत दिसते. तिच्यावर ठपका ठेवून मोकळं होण्याची मला भीती वाटते. खरं कारण कधी मेनिन्जिओमा असतो, म्हणजे मज्जारज्जूच्या आवरणावरची गाठ. तो बहुतेकदा छातीच्या मणक्यांत असतो, आणि बहुतेकदा उतारवयाकडे झुकलेल्या बाईला. गाठ सहसा कॅन्सरची नसते. इतकी संथ वाढते, की मज्जारज्जू चेपून पातळ होत जातो तरी बाई कापूस वेचायला जातच असते. वाताचं दुखणं म्हणून तेल चोळण्यात वर्षं निघून जातात.

एमआरआयच्या टी-टू चित्रात मज्जारज्जूभोवतीचं पाणी पांढरं दिसतं. गाठ आवरणाच्या आत पण रज्जूच्या बाहेर असेल, तर तिच्या वर-खाली हा पांढरा पट्टा रुंदावतो आणि रज्जू पलीकडे ढकलला जातो. आवरणाबाहेरची गाठ तोच पट्टा दाबून टाकते. एवढं नीट पाहिलं की पुढची वाट सोपी. गॅडोलिनियमचं कॉन्ट्रास्ट इंजेक्शन दिल्यावर मेनिन्जिओमा सहसा एकसारखा उजळतो, आवरणाला रुंद बुडाने चिकटलेला. श्वानोमा ही दुसरी गाठ, तो नसेच्या मुळावर वाढतो. कधी मणक्यांमधल्या छिद्रातून बाहेर पडून डमरूसारखा दिसतो.

१८८७ साली लंडनमध्ये मेंदू-मज्जासंस्थेचे डॉक्टर विल्यम गावर्स यांनी एका पेशंटला नुसतं तपासून कण्यातल्या गाठीची जागा सांगितली. क्ष-किरणही तेव्हा सापडले नव्हते. सर्जन व्हिक्टर हॉर्स्ली यांनी पाठ उघडली तर गाठ दिसेना. आणखी वरचं हाड काढल्यावर ती मिळाली. तो माणूस पुढे चालू लागला.

म्हणून मणके मोजण्यावर माझा भर असतो. खालून मोजावं तर काहींचा कंबरेचा शेवटचा मणका माकडहाडाकडच्या हाडाशी जुळलेला असतो आणि आकडा एकाने चुकतो. मी मानेच्या दुसऱ्या मणक्यापासून खाली मोजत येते, आणि कुठून मोजलं तेही रिपोर्टात लिहिते. सर्जन त्या आकड्यावर चीर घेणार असतो.