शीर्षकातून गळलेली नावे

गुंथर सोंथायमर यांचा जर्मन ग्रंथ १९७६ साली विस्बाडेन येथून प्रसिद्ध झाला. त्याच्या शीर्षकात बिरोबा, म्हस्कोबा व खंडोबा ही तीन नावे होती. उपशीर्षकात महाराष्ट्रातील या पशुपालक दैवतांचा उगम, इतिहास आणि भोवताल यांचा निर्देश होता. ॲन फेल्डहाउस यांनी केलेला त्याचा इंग्रजी अनुवाद १९८९ मध्ये आला तो मात्र ‘पास्टोरल डीइटीज इन वेस्टर्न इंडिया’ या नावाने. देवांची नावे गळाली आणि महाराष्ट्राचा ‘पश्चिम भारत’ झाला. शीर्षकाच्या निवडीत प्रकाशकाचाही हात असतो, हे मान्य केले तरी या गळतीचा अर्थ लावावाच लागतो.

सर्वांत अधिक खटकते ते ‘उम्वेल्ट’ या शब्दाचे जाणे. सोंथायमर यांच्या विवेचनाला पाऊस, गवत आणि कळपांच्या वाटा यांचा आधार आहे. मावळ तालुक्यातच हे पडताळता येते. लोणावळ्यास वर्षाकाठी ४००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. पूर्वेस तळेगावकडे तो झपाट्याने ओसरतो. म्हणून घाटमाथ्यावर म्हशी राखणारे गवळी धनगर, तर मेंढ्यांचे वाडे कोरड्या पठारावर. पावसाळा सरल्यावरच त्यांतले काही कोकणात उतरतात.

मूळ मराठी सामग्री जर्मनमधून इंग्रजीत जाताना दोनदा परकी होण्याचा धोका असतो. फेल्डहाउस यांच्याबाबतीत तो कमी झाला, कारण महानुभाव सूत्रपाठ (१९८३) आणि गोविंदप्रभूंचे चरित्र (१९८४) त्यांनी आधीच इंग्रजीत आणले होते. जर्मन वाक्याखालची मराठी त्यांना ऐकू येत होती.

आंदर मावळातील निगडे येथे १९३० साली जन्मलेल्या रा. चिं. ढेरे यांचा ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’ (१९८४) हा ग्रंथही फेल्डहाउस यांनीच २०११ मध्ये इंग्रजीत नेला. तेथे शीर्षक झाले ‘द राइज ऑफ अ फोक गॉड’. ढेरे यांच्या प्रतिपादनात लोकदैवताचे उन्नयन आहेच, त्यामुळे हे नाव निराधार नव्हे. तथापि समन्वयात अनेक प्रवाह एकमेकांत मिसळतात, ‘राइज’ मात्र एकाच दिशेने चढतो. पंढरपूरचा विठ्ठल निदान उपशीर्षकात टिकला, एवढेच.

२०१४ मध्ये रामदास आटकर व राजाराम झगडे यांच्यासह त्यांनी बिरोबा आणि धुळोबा यांच्या धनगरी ओव्या इंग्रजीत प्रसिद्ध केल्या. १९९२ साली निवर्तलेल्या सोंथायमर यांच्या संशोधनाचाच हा पुढचा टप्पा. पण या वेळी मध्ये जर्मन नव्हती.