आमदारकीबद्दल भाचीला पत्र

चि. ताईस,

तुझं पत्र मिळालं. आमदारकीला उभं राहायचं मनात आहे, पक्ष कुठला बरा, खर्च किती येईल, असं विचारलंयस. त्याची उत्तरं देणारे तुला चिक्कार भेटतील. मी गणपतराव देशमुखांबद्दल लिहितो.

सांगोल्याचे हे आबा १९६२ साली पहिल्यांदा निवडून आले. २०१४ पर्यंत एकाच मतदारसंघातून, एकाच शेतकरी कामगार पक्षाकडून (शेकाप) अकरा वेळा. शेवटच्या विजयावेळी वय पंच्याऐंशीच्या पुढे होतं. हा अकराचा आकडा सगळे सांगतात. मला त्यांचे दोन पराभव जास्त मोलाचे वाटतात. १९७२ ला हरले, १९७४ च्या पोटनिवडणुकीत परत आले. १९९५ ला अवघ्या १९२ मतांनी पडले. तोवर शेकाप राज्यात आटत चालला होता. दुसरा कुणी असता तर वाऱ्याची दिशा बघून त्यानं पक्ष बदलला असता. आबा तिथंच राहिले आणि १९९९ ला त्याच लाल बावट्याखाली निवडून आले. मंत्रिपद दोनदाच मिळालं, १९७८ ला आणि १९९९ ला. कारकीर्द बहुतेक विरोधी बाकांवरच गेली.

आता विरोधी बाकावरचा आमदार करतो काय, ते बघ. तारांकित प्रश्नाची छापील यादी कधी वाचलीयस? ‘हे खरे आहे काय’ असे एकाखाली एक प्रश्न, आणि समोर उत्तर: ‘हे अंशतः खरे आहे.’ सगळ्यात शेवटी बहुधा, ‘प्रश्न उद्भवत नाही.’ खरं काम तिथून पुढे सुरू होतं. किती खरं, उरलेलं कधी होणार, पैसा कुठल्या वर्षाच्या तरतुदीतून, हे उपप्रश्नात विचारावं लागतं. मागच्या अधिवेशनात मंत्री काय बोलले होते ते पाठ असावं लागतं. निसटलं तर लक्षवेधी सूचना लावायची, नाहीतर अर्थसंकल्पाच्या मागण्यांवर बोलताना तोच विषय पुन्हा काढायचा. दुष्काळी माणदेशाचं पाणी असं सभागृहात आणि रस्त्यावर दोन्हीकडे मागितलं गेलं. आटपाडीच्या पाणी परिषदांत नागनाथअण्णा नायकवडींच्या बरोबरीनं आबा उभे होते. कृष्णेचं पाणी कराडजवळ टेंभूला उचलून टप्प्याटप्प्यानं वर चढवायचं, हे एका पाच वर्षांच्या मुदतीत होणारं कामच नव्हे. तालुक्यात पाणी यायला आमदाराचं अर्धं आयुष्य जातं, ताई, आणि मधल्या काळात लोकांसमोर दाखवायला हातात काही नसतं.

एसटीत आमदारांसाठी आसन राखीव असतं. त्यावर खरोखर बसणारे आमदार म्हणून आबांची ख्याती होती. साधेपणाचं कौतुक पुष्कळ झालं. मला त्यातलं महत्त्वाचं हे वाटतं, की गाडीत शेजारी बसलेला माणूस त्यांना चिठ्ठीशिवाय गाठू शकत होता.

त्यांचं सगळंच मला पटलं असं नाही. २०१९ ला ते स्वतः थांबले आणि उमेदवारी नातवाकडे गेली. तो ७६८ मतांनी हरला. २०२४ ला दुसरा नातू निवडून आला. इतक्या वर्षांत घराबाहेरचा वारस घडवता यायला हवा होता, असं माझं स्पष्ट मत आहे.

आज एका आमदाराला वर्षाला पाच कोटींचा निधी मिळतो. रस्ता, सभामंडप, हायमास्ट दिवे यांत तो सहज संपतो, फलकावर नावही लागतं. पण तुझ्या तालुक्यातल्या ग्रामीण रुग्णालयातल्या रिकाम्या जागांचा निकाल त्या निधीतून लागत नाही. तो विधानसभेत लागतो, आणि तिथं २८८ जणांत आपलं म्हणणं रेटायला अभ्यास लागतो.

तेव्हा तिकिटाचं पुढे बघू. आधी मागच्या पाच वर्षांत तुझ्या मतदारसंघाबद्दल सभागृहात किती प्रश्न विचारले गेले, ते कामकाजातून शोधून काढ. विधिमंडळाच्या संकेतस्थळावरही पुष्कळ मिळतं. ती यादी घेऊन दिवाळीला ये, मग बोलू.

तुझा,
मामा