धार बघा, धार!

भिवंडीजवळच्या दापोड्याला हवा खायला कोणी जात नाही. जातो तो मालाच्या मागे. मुंबईच्या जकातीचा भार वाचावा म्हणून व्यापारी वेशीबाहेर माल ठेवू लागले आणि इथली भाताची खाचरे एकामागून एक गोदामांखाली गेली. जकात २०१७ साली उठली. गोदामे मात्र उठली नाहीत, उलट वाढली. आपल्या घरी येणारी कितीतरी खोकी आधी या बाजूला मुक्काम करून येतात!

पण वाचकहो, पूर्णा, काल्हेर मागे टाकले की खाडी लागते. राजमाचीच्या डोंगरातून निघालेली उल्हास नदी इथे येईतो खारी झालेली असते, आणि पुढे घोडबंदरावरून वसईला समुद्रास मिळते. जवळच्या अंजूरचे गंगाजी नाईक याच मुलखातले. चिमाजीअप्पांच्या वसईच्या मोहिमेत, १७३७ ते १७३९ या काळात, त्यांचे मोठे साह्य झाले. तेव्हा खाडीत शीड आणि वल्ही. आता होडीच्या पाठीला आउटबोर्ड मोटार टांगलेली असते.

माझा भाचा दापोड्याच्या एका गोदामात हिशेब लिहितो. त्याच्या ओळखीच्या तांडेलाने एका रविवारी आम्हा उभयतांना होडीत घेतले. ओहोटी लागली होती. मध्यावर आलो आणि यंत्राने शिट्टीसारखा आवाज काढून वेग टाकला.

“घाबरू नका ताई, मशीन तापलीय,” तांडेल म्हणाला आणि त्याने यंत्र बंद केले. भाचा उत्साहाने वर पाणी ओतायला निघाला, तर त्याच्यावर ओरडला, “तापल्या लोखंडावर गार पाणी? तडकंल ना!”

मोटारगाडीसारखा रेडिएटर या यंत्राला नसतो. खाडीचेच पाणी खालच्या पायातल्या फटींतून आत ओढून ते अंग थंड ठेवते. त्यातले थोडे पाणी मागच्या भोकातून धार होऊन उडते. तीच यंत्राची नाडी. आमची धार मघापासून दोऱ्याएवढी झाली होती, हे तांडेलाने आधीच हेरले होते.

त्याने यंत्र निवू दिले, पाय वर उचलला. फटींवर प्लॅस्टिकची पिशवी घट्ट चिकटलेली! ती काढून त्याने पुन्हा सुरू केले. धार आली, पण अशक्त. “धार जोरात असून तापलं, तर थर्मोस्टॅट अडकला किंवा आत मीठ साचलं. धारच बारीक, तर पंखा गेला,” हा त्याचा निकाल. थर्मोस्टॅट म्हणजे पाणी पुरेसे गरम झाल्यावर उघडणारी झडप. संथ वेगात यंत्र तापत नव्हते, म्हणून संथच निघालो. बंद पडलो असतो तर गाळात बसून पुढच्या भरतीची वाट पाहणे आले. आमचे चार-पाच तास जाते. त्याचे अख्खे यंत्र जळते, म्हणजे घरची चूल.

काठावर त्याने खालचा पाय बोल्ट काढून सोडवला. आत तळहाताएवढा रबरी पंखा, इम्पेलर. खाडीचा गाळ त्याला रोज घासतो आणि पिशवी अडकली की तो कोरडा फिरून क्षणात करपतो. सहा पात्यांपैकी दोन तुटलेली, उरलेली एका बाजूला वाकून ताठरलेली.

डब्यात नवा पंखा होता. पण तांडेल तो बसवीना. “तुकडे कुठंत?” एक घरातच सापडला. दुसरा पाण्याबरोबर वर जाऊन नळीत अडकला असता, तर नव्या पंख्यानेही यंत्र तापलेच असते. कित्येक कारागीर इथेच फसतात आणि गिऱ्हाईक दुसऱ्यांदा पैसे मोजते. अर्धा तास तारेने टोचल्यावर काळा रबरी कपटा बाहेर पडला, तेव्हा आमच्या सौभाग्यवतींनी टाळी वाजवली.

मग नवा पंखा फिरण्याच्या दिशेने वळवत, पाती उलट बाजूला वाकतील असा बसवला. गोड्या पाण्याच्या पिंपात पाय बुडवून यंत्र सुरू झाले. आतले मीठही धुऊन निघते. धार पेन्सिलीएवढी जाड उडाली. तांडेलाने तिच्याखाली हात धरला, मग भाच्यालाही धरायला लावला. पाणी कोमट होते.