मिसवाकच्या झाडावरचा पाहुणा

कच्छला जाणारी बहुतेक मंडळी धोरडोचे पांढरे रण पाहतात, एक रात्र तंबूत काढतात, भरतकामाची एखादी पिशवी घेतात आणि परततात. रणाकडे जाणारा तो रस्ता बन्नीतून जातो. बन्नी म्हणजे सुमारे अडीच हजार चौरस किलोमीटरचा गवताळ प्रदेश. गाडीच्या काचेतून तो ओसाड आणि कंटाळवाणा दिसतो. पण थंडीच्या चार महिन्यांत तिथे मध्य आशियापासून इराक-इराणपर्यंतचे पक्षी उतरतात, आणि ते दाखवायला गावातलीच, म्हशी राखणाऱ्या घरांतली माणसे सोबत येतात. नाताळच्या सुट्टीत मी, माझे मिस्टर आणि दोन्ही मुले खास त्यासाठी गेलो. घरात सासूबाईंनी एकदाच विचारले, "एवढे पैसे घालून चिमण्या बघायला? आपल्या गॅलरीत कबुतरे काय कमी आहेत?"

मुंबईहून संध्याकाळी गाडीत बसले की सकाळी भूज येते. तिथून पुढची व्यवस्था मार्गदर्शकाची. आमचे मार्गदर्शक पन्नाशीचे, बन्नीच्या काठावरच्या एका गावातले मालधारी. मालधारी म्हणजे ज्यांचा माल गुरेढोरे आहे ते. जत, मुतवा, हालेपोत्रा, नोडे अशा त्यांच्या अनेक जमाती आहेत आणि बन्नीतले बहुतेक मालधारी मुस्लिम आहेत. पहिल्या रात्री दुसऱ्या दिवसाचा बेत ठरवताना त्यांनी पहिला प्रश्न केला, "बेन, फजर इथे पढून निघायचे की तिकडे पढायची?" शहरातल्या पाहुण्यांना उजाडायच्या आत उठवणे हे त्यांच्या कामातले सर्वांत अवघड काम. आमच्या बाबतीत तो प्रश्न आला नाही. कच्छ देशाच्या अगदी पश्चिमेला असल्यामुळे डिसेंबरात तिथे सूर्य सव्वासातनंतर उगवतो. नमाज झाल्यावर चहा घेऊन, गाडी हाकूनही आम्ही अंधुक उजेडातच फुलाय गावाजवळ पोहोचलो.

फुलायचे नाव जगभरच्या पक्षीवेड्यांना ठाऊक आहे, ते एका पक्ष्यामुळे. ग्रे हायपोकोलियस. मराठीत त्याला रुळलेले नाव नाही. बुलबुलापेक्षा थोडा मोठा, शेपटी लांब, अंग राखाडी, आणि नराच्या डोळ्यांवरून मानेमागे जाणारी काळी पट्टी, जणू कोणी डोळ्यांवर फडके बांधले आहे. हा पक्षी इराक, इराण आणि त्या आसपास घरटी करतो. हिवाळ्यात त्यांतले बहुतेक अरबस्तानात जातात. थोडे भरकटल्यासारखे कच्छला येतात, पण भरकटत नाहीत, कारण दरवर्षी येतात आणि त्याच झाडांवर येतात. भारतात त्याला खात्रीने पाहण्याची जागा हीच.

ते झाड आपल्या ओळखीचे आहे. पिलू. आपण ज्याच्या मुळीची आणि काडीची मिसवाक करतो तेच. कच्छमध्ये त्याला खारी जार म्हणतात. खाऱ्या जमिनीत, जिथे दुसरे काही तग धरत नाही तिथे ते दाट, जमिनीपर्यंत टेकलेले वाढते आणि थंडीच्या अखेरीकडे त्याला बारीक रसदार फळे धरू लागतात. हायपोकोलियस या फळांसाठी येतो. माझ्या मुलाने मिसवाक पाहिली होती ती प्लास्टिकच्या पाकिटात, मशिदीबाहेरच्या दुकानात. इथे त्याने पानाचा वास घेतला आणि म्हणाला, "अम्मी, मोहरीसारखा आहे." तेवढ्यात चाचांनी (मुले त्यांना चाचाच म्हणू लागली होती) हात वर केला. झाडाच्या आतून सहा-सात पक्षी निघाले, पंखांच्या टोकांचा पांढरा ठिपका चमकला, आणि एक नर समोरच्या शेंड्यावर येऊन बसला. दुर्बिणीतून त्याला आम्ही चौघांनी आळीपाळीने पाहिले. पाच मिनिटे असतील.

सलीम अलींचे नाव आपल्या घरांत निघते ते बहुधा मुस्लिम शास्त्रज्ञांवरच्या निबंधापुरते. १८९६ साली मुंबईत जन्मलेला, आईवडिलांविना पोरका, मामा अमीरुद्दीन तय्यबजींच्या घरी वाढलेला मुलगा. मारलेली पिवळ्या गळ्याची चिमणी. तिच्या चौकशीसाठी गाठलेली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी. इथवर सगळ्यांना पाठ असते. पुढचे सहसा कोणी सांगत नाही. महाराव विजयराजींनी त्यांच्याकडून कच्छच्या पक्ष्यांची पाहणी करून घेतली आणि १९४५ साली 'द बर्ड्‌स ऑफ कच्छ' हे पुस्तक निघाले. त्याच साली मोठ्या रणात चिखलाची हजारो घरटी असलेली रोहित पक्ष्यांची वसाहत, जिला फ्लेमिंगो सिटी म्हणतात, ती पाहायला ते गेले होते. आणि हा हायपोकोलियस? तो उत्तर कोकणात आढळल्याची नोंद त्यांनी १९३१ सालीच सोसायटीच्या नियतकालिकात केली होती. म्हणजे हा इराकी पाहुणा कधीकाळी आपल्या किनाऱ्यापर्यंत येऊन गेलेला आहे.

चाचांनी सलीम अलींचे पुस्तक वाचलेले नाही. शाळा चौथीपर्यंत. तरी पक्ष्यांची इंग्रजी नावे त्यांना मुखोद्गत आहेत, कारण गिऱ्हाईक तीच विचारते. पण पक्षी कुठे सापडेल हे त्यांना नावांमुळे कळत नाही, म्हशींमुळे कळते. बन्नीची म्हैस रात्री चरते. संध्याकाळी कळप बाहेर पडतो, रात्रभर आपला आपण फिरतो आणि पहाटे दुधाच्या वेळी घरी येतो. तिच्या मागे लहानपणापासून रात्री हिंडलेल्या माणसाला रातवा कुठल्या वाटेवर बसतो, घुबड कुठल्या बांधात राहते, भोवत्या पक्षी रात्री कुठल्या गवतात उतरतात, हे वेगळे शिकावे लागत नाही. २०१० साली सरकारने बन्नी म्हशीला स्वतंत्र जात म्हणून मान्यता दिली, हे सांगताना त्यांचा आवाज जरा चढला.

ज्या गोष्टीवर ते दिवसभर बोलत राहिले ती मात्र वेगळी होती: गांडो बावळ. गांडो म्हणजे वेडा. ही परदेशी बाभूळ १९६० च्या दशकात वनखात्याने इथे लावली, रणाचा खारटपणा पुढे सरकू नये म्हणून. हेतू चांगला होता. पण बाभूळ थांबली नाही. गुरे शेंगा खातात, बी शेणातून पडते आणि पावसात रुजते. गायींना या शेंगा मानवत नाहीत, त्यामुळे अनेक घरांनी कांकरेज गायी सोडून म्हशी धरल्या, असे चाचा म्हणाले. जिथे बाभूळ दाटते तिथे गवत संपते आणि पिलूलाही जागा उरत नाही. आम्ही ज्या झाडांपाशी उभे होतो त्यांच्या तिन्ही बाजूंना ती होती.

मग बाभूळ काढा आणि कुंपण घालून पक्ष्यांसाठी जागा राखा, असे मिस्टर सहज म्हणाले. चाचा हसले. "साहेब, कुंपण कुणाला आडवणार? मलाच ना?"

त्यांच्या हसण्याला आधार आहे. राजस्थानात भरतपूरच्या केवलादेव पाणथळीत १९८२ साली, राष्ट्रीय उद्यान झाल्यावर, गुरे चारायला बंदी घातली गेली. गावकऱ्यांचा विरोध झाला, पोलिसांच्या गोळीबारात माणसे मेली. नंतर बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीनेच तिथे कित्येक वर्षे अभ्यास केला, तेव्हा दिसले की म्हशी गेल्यामुळे पाण्यातले गवत बेसुमार माजले आणि पाणपक्ष्यांची मोकळी जागाच कमी झाली. सगळ्या जागांना एकच नियम लागत नाही, हे खरे. अतिचराईने उजाड झालेली माळरानेही मी पाहिली आहेत. पण म्हैस आणि पक्षी यांचे वैरच असते, हे आता कोणी डोळे झाकून म्हणू नये. बन्नीत तर कुरणात शेतीची अतिक्रमणे होऊ लागली तेव्हा मालधाऱ्यांची संघटनाच राष्ट्रीय हरित लवादाकडे गेली आणि २०२१ साली ती हटवण्याचा आदेश मिळवला. गवत वाचावे म्हणून म्हशीवाले न्यायालयात जातात.

दुपारी त्यांच्या घरी बाजरीचा रोटला, लोणी आणि ताक. त्यांच्या अम्मा मला म्हणाल्या की आकाशात कुंज ऐकू आली की आम्ही गोधड्या बाहेर काढतो. कुंज म्हणजे क्रौंच. उर्दूत तोच शब्द, कूंज. मी वर्गात तो शब्द शिकवते, मुले अर्थ लिहून घेतात, 'एक परिंदा'. त्या संध्याकाळी तो परिंदा पाहायला आम्ही छारी ढंढला गेलो.

ढंढ म्हणजे उथळ तळे, छारी म्हणजे खारट. पाऊसकाळ चांगला झाला तर नद्यांचे पाणी येऊन सुमारे ८० चौरस किलोमीटरचा हा सखल भाग भरतो. पाऊस झाला नाही तर तिथे भेगाळलेली माती असते. २००८ साली त्याला संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा मिळाला. आम्हाला पाणी मिळाले. काठाला थापट्या आणि तलवार बदके, मध्ये रोहित, वर एक गरुड. वाटेतच मुलीला हुदहुद दिसला होता आणि ती सूरह नम्लमधला हुदहुद हाच का, हे चाचांना पुन्हा पुन्हा विचारत होती. "हाच," ते म्हणाले, "सुलेमान अलैहिस्सलामांचा खबऱ्या."

सूर्य टेकला तशी क्रौंचांची पहिली रांग आली. दिवसभर शेतांत दाणे वेचून ते रात्री उथळ पाण्यात उभे राहायला परततात, म्हणजे कोल्हा-लांडगा आला तर पाणी वाजते. आधी आवाज, दूरवर कोणी तुतारी घुमवावी तसा. मग रांगा, एकामागून एक, हजारोंनी. चाचांनी शाल अंथरली आणि मगरिबची नमाज सुरू केली. मिस्टर आणि मुलगा त्यांच्या मागे उभे राहिले. पक्षी उतरतच होते.

पलीकडे एका गाडीतली मंडळी फोटोसाठी रोहितांच्या थव्याकडे गाडी दामटत होती. थवा उडाला. चाचा काही बोलले नाहीत, फक्त आमची गाडी आणखी मागे घ्यायला लावली. मोबाइलवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला बोलावणे हेही ते करत नाहीत. गिऱ्हाईक नाराज होते, बक्षिसी जाते. "तो इतक्या लांबून खायला आलाय," ते म्हणाले, "त्याला खोटे बोलून का दमवायचे?" त्यांचा मुलगा दहावी झाला आहे, त्याला गांधीधामला नोकरी हवी आहे. थंडीचे चार महिने पाहुणे येतात, बाकी आठ महिने म्हशीच. पुढच्या वर्षी कोण येईल न्यायला, हे त्यांनी स्वतःच आम्हाला विचारले आणि उत्तराची वाट न पाहता गाडी सुरू केली.

ज्यांना जायचे असेल त्यांच्यासाठी थोडे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ बरा, हायपोकोलियससाठी जानेवारीनंतर. पहाटे बोचरी थंडी आणि दुपारी ऊन, दोन्हीची तयारी ठेवावी. कपडे मातकट रंगाचे. आठ पट दाखवणारी एक दुर्बीण घरभर पुरते. मार्गदर्शक गावातलाच घ्यावा आणि पैसे शक्यतो त्याच्याच हातात द्यावेत. सीमा जवळ असल्याने काही भागांत परवानगी लागते, ओळखपत्रे जवळ असू द्यावीत. आणि तिकीट काढण्याआधी तिकडे फोन करून एवढेच विचारावे: यंदा ढंढ भरला आहे का?