जवाहर चौक ते ऐशबाग

मागच्या उन्हाळ्यात मित्रांबरोबर बॉस्टनच्या फेनवे पार्कमध्ये बेसबॉलचा सामना बघायला गेलो. १९१२ सालचं मैदान. शेजारच्या खुर्चीवर एक आजोबा मांडीवर वही ठेवून प्रत्येक चेंडूची नोंद करत होते. कितीतरी वर्षं ते तिथेच बसतात म्हणे. बेसबॉल मला फारसा कळत नाही, पण त्यांना बघून मला भोपाळ आठवलं.

आमचं घर जवाहर चौकातल्या सरकारी क्वार्टरमध्ये होतं. १ नोव्हेंबर १९५६ला नवा मध्य प्रदेश झाला, भोपाळ राजधानी ठरली आणि नागपूरहून कितीतरी मराठी कर्मचारी तिथे बदलून आले. माझे आजोबा त्यांतलेच. सुरुवातीला त्यांना करमत नसे. आमच्या वस्तीला तात्या टोपेंचं नाव, तेवढंच काय ते ओळखीचं, असं ते म्हणत.

भोपाळशी त्यांचं जमलं ते हॉकीमुळे. औबेदुल्ला खां कपचे सामने लागले, की मला स्कूटरवर पुढे उभं करून ते रोशनपुरा, जहांगीराबादवरून ऐशबाग स्टेडियमला न्यायचे. बसायची पायरी ठरलेली. आजूबाजूला जुन्या शहरातली नेहमीची मंडळी: शिंपी, पानवाले, रिटायर्ड बाबू. ‘को खां, आज देर कर दी?’ असं स्वागत व्हायचं. पेनल्टी कॉर्नर मिळाला, की कुणीतरी हटकून १९७५च्या वर्ल्ड कपची गोष्ट काढायचं: मलेशियाविरुद्धची सेमीफायनल, भोपाळचा अस्लम शेर खान, गळ्यातल्या तावीजचं चुंबन आणि बरोबरीचा गोल!

१९९२च्या डिसेंबरात शहरात दंगल झाली, कर्फ्यू लागला. मी तेव्हा अगदी लहान होतो. हे बाबांनी सांगितलेलं. आजोबा कित्येक महिने तिकडे फिरकले नाहीत. जावं की न जावं, असं करत शेवटी एकदा गेले. त्यांच्या जागेवर रुमाल पसरलेला होता. शेजारच्या शिंपीचाचांनी तो उचलला आणि म्हणाले, ‘बैठिए साहब, रोज़ रखते थे.’ तो सामना कोण जिंकलं, हे आजोबांना कधीच आठवलं नाही.

आता आजोबा नाहीत. आमचा क्वार्टरही स्मार्ट सिटीच्या कामात पाडला गेला. या डिसेंबरात लेकीला घेऊन भोपाळला जाणार आहे. जवाहर चौकात तिला आमचं घर दाखवता येणार नाही. ऐशबागला मात्र नक्की नेईन.