तिसरं माप

गेले तीन आठवडे माझ्या बातम्या उशिरा येतायत अशी तक्रार दोघा-तिघांनी केली. खरं आहे. मी एका जुन्या ट्रकच्या बेअरिंगमागे लागलोय.

मंगळवेढ्याच्या दक्षिणेकडच्या गावांत उन्हाळ्यात पाण्याचं काय होतं ते इथल्या लोकांना सांगायला नको. आमच्या मंडळाने वर्गणी काढून भंगारात निघालेला टाटा १२१० घेतला. त्यावर ६ हजार लिटरची टाकी बसवायची आणि खेपा सुरू करायच्या असा बेत. ६ हजार लिटर म्हणजे नुसतं पाणीच ६ टन, आणि त्यातला मोठा वाटा मागच्या अ‍ॅक्सलवर. मिस्त्रीकाकांनी मागचं चाक जॅकवर घेऊन हलवलं तर आतून टकटक आली. म्हणाले, "पत्रकार, इंजिनाचं नंतर बघू. आधी हे."

हब उघडल्यावर पहिला धक्का. कागदावर १२१०, पण मागचा अ‍ॅक्सल कुणीतरी कधीतरी दुसऱ्याच गाडीचा घातलेला. म्हणजे दुकानात जाऊन 'बाराशेदहाचं मागचं बेअरिंग द्या' म्हणण्यात अर्थ नाही. गाडी काय आहे ते गाडीला विचारायचं नाही, बेअरिंगला विचारायचं, असं काकांचं म्हणणं.

बेअरिंग डिझेलमध्ये धुतलं. रोलरवर खड्डे पडलेले, एका बाजूला निळसर झाक, म्हणजे कधीतरी चांगलंच तापलेलं. कडेवर नंबर कोरलेला असतो. बॅटरीच्या उजेडात तिरकं धरून बघितलं तर पुढचं सगळं घासून गेलेलं, शेवटचं २१८ तेवढं वाचता आलं. मिलीमीटरच्या मापातल्या बेअरिंगचे शेवटचे दोन आकडे पाचाने गुणले की आतलं भोक मिळतं. १८ पंचे ९०. व्हर्नियर लावला, बरोबर ९०. बाहेरचं माप १६०. मला इतका आनंद झाला की लगेच सोलापूरच्या दुकानात फोन लावला. टेपर बेअरिंग, आत ९०, बाहेर १६०, शेवटी २१८. तो म्हणाला, आहे, या घेऊन जा.

दुसऱ्या दिवशी एसटीने जाऊन घेऊन आलो. खोक्यावर ३०२१८. काकांनी जुनं आणि नवं बाकड्यावर शेजारी-शेजारी ठेवलं आणि काही बोलले नाहीत. जुनं बोटभर उंच. जुन्याची जाडी ४२.५ मिलीमीटर, नव्याची ३२.५. आपलं होतं ३२२१८. भोक तेच, बाहेरचा घेर तोच, शेवटचे आकडेही तेच. दुकानदाराचा यात काही दोष नाही. मी त्याला दोनच मापं सांगितली होती.

आणि गंमत म्हणजे ते पातळ बेअरिंग जागेवर बसलंही असतं. हब १० मिलीमीटर आत सरकला असता, सील नीट बसलं नसतं, भार पेलायची ताकद कमी पडली असती. भरल्या टाकीने कुठल्या उतारावर काय केलं असतं देव जाणे. (डुप्लिकेट मालाचा विषय वेगळाच आहे, त्यावर पुन्हा कधीतरी.)

बदलून आणलं. कोनबरोबर बाहेरचा कपही नवाच घातला. जुन्या कपात नवा कोन बसवून शे-दोनशे वाचवणारे काकांच्या डोक्यात जातात.

ग्रीस भरता भरता काकांनी एक गोष्ट समजावली. ट्रकच्या मागच्या चाकाचं वजन अ‍ॅक्सलवर नसतंच. ते हाऊसिंगवर बसवलेल्या दोन टेपर बेअरिंगवर असतं, आतला अ‍ॅक्सल फक्त फिरवायचं काम करतो. म्हणून अपघातात नुसतं चाक निघालं असेल तर चाकाचे नट-बोल्ट बघायचे. पण चाक हबसकट, अ‍ॅक्सल ओढून घेऊन बाहेर पडलं असेल तर बहुतेक वेळा आतलं बेअरिंग नाहीतर त्याचा नट आधीच गेलेला असतो.

माझा हात थांबला.

२००९ साली मी एका अपघाताची बातमी दिली होती. कांद्याचा ट्रक उलटला, चालक जागीच गेला. 'चालकाचा ताबा सुटल्याने', असं मी लिहिलं. असंच लिहायची पद्धत आहे. पोलिसांच्या कागदावर तेच असतं, आम्ही उतरवून घेतो. आठवड्याने त्याची बायको ऑफिसात आली. रडली नाही, भांडली नाही. एवढंच विचारलं, "दादा, गाडी आधी उलटली का चाक आधी निघालं?" मी म्हटलं, वहिनी, ते तपासात कळेल. तपासाचं पुढे काय झालं ते मी कधी बघितलं नाही.

फोटो मात्र मीच काढला होता. त्या रात्री जुन्या सीडी काढून बसलो. तिसऱ्या सीडीत सापडला. ट्रक आडवा, कांदे पसरलेले, आणि बऱ्याच मागे, रस्त्याच्या कडेला चाकांची जोडी. मधून मुसळासारखा अ‍ॅक्सल बाहेर आलेला.

काकांना मोबाईलवर दाखवला. त्यांनी चष्मा वर करून बराच वेळ बघितला. "फोटोवरून शंभर टक्के सांगत नाही. पण उलटल्यावर निघालं असतं तर इतकं मागं कसं पडलं असतं?"

आमचं चाक बसलं. हब फिरवत नट आवळला, मग थोडा मागे घेतला, लॉक वॉशर वाकवला. काल रिकाम्या गाडीने २० किलोमीटर जाऊन आलो आणि उतरून हबवर हात ठेवला. कोमट होता. काका म्हणाले, एवढं चालतं. आता टाकी बसेल, मग फिटनेस. टाकीसाठी अजून वर्गणी लागणार आहे, ज्यांना जमेल त्यांनी मंडळाच्या पोरांना भेटा.

फोटोची मोठी प्रिंट काढायला टाकलीय. रविवारी वहिनींच्या गावी जाणार आहे. काका येतो म्हणालेत.